आग लागली की लावली?

आपल्या अंकात रंगीत चित्र छापायची सोय नाही. स्टेन्सिलवर अक्षरंच धड उमटत नाहीत, तिथं निळं आभाळ कुठून उमटणार? म्हणून आधी चित्र शब्दांत सांगतो. ज्यांनी पाहिलंय त्यांनी माझं चुकलं तर पकडावं.

मोकळं माळरान. वेळ तिन्हीसांजेची. वर गडद निळं आभाळ, खाली लांबवर डोंगरांची बारीक रेघ. अगदी पुढं एक उंच बाई उभी आहे. अंगात लांब झगा. हात पुढं केलेत, अंधारात माणूस चाचपडतो तसे. चेहरा सोललेला, हात कोपरापर्यंत सोललेले, आतलं मांस दिसतं. छातीला एक खण आणि मांडीपासून खाली पायावर ओळीनं खण, टेबलाला असतात तसे. पाठीतून काहीतरी लांबट बाहेर आलंय, ते पडू नये म्हणून त्याला कुबड्यांचे टेकू दिलेत. तिच्या मागं आणखी एक बाई, तिलाही टेकू, हातात मांसाची एक पट्टी. आणि या सगळ्याच्या मागं, पार लांब, बोटाएवढा एक जिराफ. त्याची पाठ पेटलीय.

पाठ पेटलीय आणि तो उभा आहे. पळत नाही, लोळत नाही, ओरडत नाही.

चित्राचं नाव ‘जळता जिराफ’. काढलं साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकारानं, १९३७ साली. आज ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या संग्रहालयात आहे. माप ३५ सेंटिमीटर बाय २७ सेंटिमीटर. म्हणजे शाळेच्या वहीची दोन पानं उघडून धरली तर जवळपास तेवढं.

हे चित्र मला रद्दीत सापडलं. चित्रांचं एक जाडजूड पुस्तक, पुठ्ठा गेलेला, निम्मी पानं कुणीतरी कापून नेलेली. वजनावर घेतलं. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. दहावीला इंग्रजीत नापास झालो आणि तिथून सरळ पाळीवर. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत पेरू आणि फुलपात्र काढलं तेवढंच. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो, अजून शिकतोय. तेव्हा कुणी म्हणेल, बाबा, तुला यावर लिहायचा काय अधिकार? अधिकार एवढाच की आग मला माहीत आहे. आणि आपल्या मंडळात या एका पानावरून तीन रविवार भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. म्हणून लिहितोय.

भांडण असं झालं. मी पुस्तक घेऊन गेलो. आमच्यातला एक मित्र एम.ए. करतोय. त्यानं पान बघितल्या बघितल्या सांगितलं, “हा अतिवास्तववाद. यात अर्थ शोधायचा नसतो. ही नेणीव आहे. हे खण म्हणजे फ्रॉइड.” दुसरा मित्र वस्तीत युनियनचं काम करतो. त्यानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “हा दाली फ्रँकोच्या बाजूचा माणूस. फॅसिस्ट. फाड ते पान, आपल्याला काय करायचंय त्याचं?” दोघंही वाचलेले. दोघांचीही माहिती खरी. आणि दोघांनीही जिराफाकडं बघितलं नाही.

घरी आलो तर आईनं पुस्तक हातात घेतलं. तिला अक्षर येत नाही. बराच वेळ बघून म्हणाली, “ह्या बाईला धड चालता येत न्हाई, अन् मागं जनावर पेटलंय. कुनी इझवंना व्हय? अन् पेटिवलं कुनी?”

या लेखात मी जे काही लिहिणार आहे ते आईच्या या शेवटच्या तीन शब्दांवरच उभं आहे.

आधी एम.ए.वाल्या मित्राचं घेऊ. तो म्हणतो ते दालीनं स्वतःच सांगितलेलं आहे. माणसाचं शरीर गुप्त खणांनी भरलेलं असतं आणि ते फक्त मनोविश्लेषणच उघडू शकतं, अशा अर्थाचं तो बोलत असे. १९३६ साली त्यानं प्राचीन ग्रीक व्हीनसच्या पुतळ्याच्या नकलेला छाती-पोटावर खण बसवले. त्याच साली ‘मानवाकृती कपाट’ काढलं. १९३८ साली लंडनमध्ये जाऊन तो फ्रॉइडला भेटला. म्हणजे खणाची किल्ली चित्रकारानंच आपल्या हातात दिलेली आहे. आणि समीक्षक काय करतात? ती किल्ली घेतात, बाईचे खण एकेक करून उघडतात, आत वासना सापडली, भीती सापडली, आई सापडली म्हणून टाळ्या वाजवतात. जिराफाच्या वाट्याला काय येतं? ‘पार्श्वभूमीला एक गूढ प्रतिमा.’ बस्स. एक अख्खं जनावर जिवंत जळतंय आणि ते पार्श्वभूमी!

मला विचाराल तर खणाला आणखी एक घर आहे. दालीचा बाप फिगेरास गावात नोटरी होता. तिकडं नोटरी म्हणजे जमीनजुमल्याचे, वारसाहक्काचे दस्त करणारा वजनदार माणूस. असल्या घरात खण असणारच आणि खणात कागद असणार. हा माझा तर्क, पुरावा म्हणून नका घेऊ. पण ज्या घरात लपवायला काही असतं त्याच घरात खण असतात, एवढं तर मी सांगू शकतो. आमच्या घरात पत्र्याची एक ट्रंक. तिच्यात रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि आईचं लग्नातलं लुगडं. सगळ्या वस्तीला माहीत आहे आत काय आहे ते. तरी मी असं म्हणणार नाही की मन फक्त खणवाल्यांना असतं. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला जी स्वप्नं पडतात ती फ्रॉइडलाही झेपली नसती. माझं भांडण नेणिवेशी नाही. नेणिवेचं नाव पुढं करून मागची आग झाकणाऱ्यांशी आहे.

आता त्या आगीकडं बघू. गिरणीत कापसाची आग दोन तऱ्हेची असते. ब्लोरूममध्ये कापसातून एखादा खिळा, पत्र्याचा तुकडा आला की मशिनीत घासून ठिणगी पडते आणि सुट्या कापसावर आग डोळ्यांदेखत पळत सुटते. ती दिसते, तिचा बोभाटा होतो, माणसं वाळू-पाणी घेऊन धावतात. दुसरी आग गाठीतली. दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी शिरली तर बाहेरून काही कळत नाही. गाठ जागच्या जागी, पट्ट्या शाबूत, आणि आत तासन्‌तास धुमसत असते. वास आला तर कळणार, हात लावला तर कळणार.

दालीच्या चित्रात या दोन्ही आगी आहेत. जिराफाची आग उघडी. ज्वाळा आहेत, धूर आहे. बाईची आग गाठीतली. तिच्या अंगावर एकही ज्वाळा नाही. पण कातडी कुठं गेली? चेहऱ्याची, हाताची कातडी एखाद्यानं सोलून काढावी तशी गेलीय. मी भाजलेली माणसं बघितलीत. असेच हात पुढं धरून चालतात, कशालाही न टेकवता. पुस्तकातली टीप म्हणते, हे शरीरशास्त्रातलं चित्र, आतलं बाहेर काढलेलं मन. असेल. मला ते भाजलेल्याचे हात दिसतात. आग मागं लांब लागलीय असं बाईला वाटतंय, आणि तिची कातडी आधीच गेलेली आहे. चित्राचा खरा दणका मला इथं बसतो. जिराफ लांब आहे म्हणून आपण सुटलो असं समजणाऱ्याचं हे चित्र आहे.

आणि हे १९३७ साल आहे, हे कसं विसरायचं? जुलै १९३६ मध्ये फ्रँको आणि इतर सेनापतींनी निवडून आलेल्या सरकारविरुद्ध बंड केलं आणि स्पेनमध्ये यादवी पेटली. ऑगस्ट १९३६ मध्ये कवी लोर्काला ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या. लोर्का दालीचा तरुणपणापासूनचा जिवलग दोस्त. दाली स्वतः त्या वेळी देशाबाहेर. घर जळताना परगावी असलेला माणूस. त्याच काळात त्याच्या चित्रात जिराफ पेटायला लागतो.

जिराफ त्याच्याकडं आधीपासून होता. १९३० साली लुई बुन्युएलबरोबर त्यानं ‘सुवर्णयुग’ नावाच्या सिनेमावर काम केलं. त्यात एक माणूस वैतागून खिडकीतून वस्तू बाहेर फेकतो. एक जळतं झाड, नांगर, एक बिशप आणि एक जिराफ. तेव्हा झाड जळतं होतं आणि जिराफ नुसता होता. सात वर्षांनी झाडाची आग जिराफावर आली. मधल्या काळात काय झालं ते मनाच्या खणात शोधायचं कशाला? वर्तमानपत्रात होतं.

त्याच साली त्यानं आणखी एक चित्र काढलं, ‘राक्षसांचे शोध’. तेही जळत्या जिराफाचं. ऑस्ट्रियाच्या डोंगरात झेमेरिंगला असताना काढलेलं, आणि पुढं थोड्याच महिन्यांत, मार्च १९३८ मध्ये, हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. १९४३ साली शिकागोच्या संग्रहालयानं ते घेतलं तेव्हा दालीनं तार करून खुलासा केला. त्यात जळत्या जिराफाला त्यानं प्रलयाचा नर राक्षस ठरवलं. राक्षस दिसले म्हणजे युद्ध येणार, असा त्याचा हिशोब.

इथं थांबा, दोस्तांनो. जळतोय कोण? जिराफ. राक्षस कोण? तोच जिराफ! आगीचं अपशकुनी खापर जळणाऱ्याच्याच डोक्यावर. ही भाषा तुम्ही कुठं ऐकलीय का? मी ऐकलीय.

मराठीत एक चांगली सोय आहे. ‘आग लागली’ आणि ‘आग लावली’. एका अक्षराचा फरक. पहिल्यात आग आपोआप येते, देवासारखी, पावसासारखी. दुसऱ्यात माणूस आला, त्याचा हात आला, हातात काडी आली, रॉकेल आलं. उद्या पेपरात वाचाल, ‘वस्तीला आग लागून चाळीस झोपड्या खाक’, तर तेवढं क्रियापद तपासा. निम्मी बातमी तिथंच दाबलेली असते.

दालीच्या चित्रात आग लागलेली आहे. कुणी लावली याचा मागमूस नाही. माळावर सैनिक नाही, मशाल नाही, आकाशात विमान नाही. विमान म्हणतो ते उगाच नाही. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस. उत्तर स्पेनमधल्या गेर्निका या गावावर फ्रँकोच्या बाजूनं आलेल्या जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले, आगलावे बॉम्ब टाकले, गाव जाळलं. आणि फ्रँकोच्या लोकांनी जगाला काय सांगितलं? आम्ही नाही, पळून जाताना लाल लोकांनीच आपलं गाव पेटवलं. वाचून माझ्या अंगावर काटा आला. अगदी हेच वाक्य. ‘त्यांनीच आपली घरं पेटवली, भरपाईसाठी.’ देश कुठला, भाषा कुठली, आणि आग लावणाऱ्याचा जबाब शब्दाला शब्द तोच.

त्याच साली पिकासोनं ‘गेर्निका’ काढलं, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पेनच्या सरकारी दालनासाठी. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. मी घरी दोरीनं मोजायला गेलो. आमची खोली दहा बाय बारा. लांबी दोन खोल्या ओलांडून शेजाऱ्यांच्या मोरीत गेली. त्यातही जनावरं आहेत. बैल आहे, घोडा आहे. घोड्याचं तोंड उघडं, जीभ सुरीसारखी. तो ओरडतोय. उजवीकडं एक बाई जळत्या घरात हात वर करून ओरडतेय. खरं सांगायचं तर विमान पिकासोनंही काढलेलं नाही. पण त्यानं चित्राला गावाचं नाव दिलं. गेर्निका म्हटलं की तारीख आली, तारीख आली की विमान आलं, विमानाबरोबर मालक आला. नाव देणं म्हणजे निम्मा गुन्हा नोंदवणं. दालीनं जळणाऱ्याला नाव दिलं, ‘जिराफ’. गावाला दिलं नाही.

मग माझा दुसरा मित्र बरोबर आहे का? फाडायचं का पान?

त्याच्या बाजूनं पुरावे भरपूर आहेत. अतिवास्तववाद्यांनीच १९३४ साली दालीला बोलावून जाब विचारला, हिटलरबद्दल तो काहीबाही बोलत होता म्हणून. १९३९ पर्यंत त्यांनी त्याला पुरता तोडला. त्यांचा पुढारी आंद्रे ब्रेतों यानं त्याच्या नावातल्या अक्षरांची उलटापालट करून डॉलरला हपापलेला असं नाव पाडलं. १९४८ साली दाली फ्रँकोच्या स्पेनमध्ये परत गेला आणि त्याच्याशी जुळवून राहिला. १९७५ च्या सप्टेंबरात फ्रँकोच्या राजवटीनं पाच जणांना गोळ्या घातल्या, सगळ्या युरोपात निषेध झाला, तेव्हा यानं उघडपणे फ्रँकोची पाठराखण केली. ज्या हुकूमशहाच्या बंदुकांनी आपला दोस्त मारला त्याची! असल्या माणसाला शिव्या घालायला माझ्याकडं शब्द कमी नाहीत. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यानं १९४४ साली दालीवर लेख लिहिला. त्याचा मुद्दा साधारण असा की माणूस घाणेरडा आहे आणि हात कसबी आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करायची ताकद पाहिजे. मला तेवढ्यानं भागत नाही. कसबी हात आमच्या गिरणीतही आहेत, आणि मालकापुढं ते जोडले जातात.

मी वेगळं सांगतो. तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढलेले लोक आहात. फितूर साक्षीदार म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको. घटना घडते, पंचनामा होतो, साक्षीदार पोलिसाला सगळं सांगतो. मग दोन-चार वर्षं जातात. दबाव येतो, पैसा येतो, भीती येते. पिंजऱ्यात उभा राहून तोच माणूस म्हणतो, मी काही बघितलं नाही. पण आधीचा जबाब कागदावर असतो. चांगला वकील तो जबाब फाडत नाही. तो तोच पुढं करून विचारतो, मग हे काय होतं?

‘जळता जिराफ’ हा दालीचा फितूर होण्याआधीचा जबाब आहे.

त्यानं आग बघितली होती. माणसाची कातडी गेलेली बघितली होती. पाठीचा कणा मोडून माणूस टेकूवर उभा असलेला बघितला होता. सगळं ३५ बाय २७ मध्ये नोंदवलं. फक्त एक गोष्ट लिहिली नाही, आग लावणाराचं नाव. आणि जो ते नाव गाळतो त्याची पुढची वाट ठरलेली असते. आज नाव गाळशील, उद्या त्याच्याच दारात उभा राहशील. चित्रातली ती मोकळी जागा, जिराफ आणि बाईच्या मधलं ते रिकामं माळरान, मला आता सुंदर वाटत नाही. ती गाळलेली जागा आहे. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत असते तशी. ती आपण भरायची.

म्हणून मी पान फाडणार नाही. जबाब फाडला तर फायदा आरोपीचा.

आता थोडं आपल्या घरातलं. आधी स्वतःचं सांगतो म्हणजे कुणाला राग यायला नको. हे चित्र बघितल्यावर त्याच रात्री मी कविता लिहिली. ‘जळता जिराफ म्हणजे आम्ही’ अशी. मान उंच, पाठ पेटलेली वगैरे. वाचून दाखवली, टाळ्या पडल्या. आठ दिवसांनी रात्रपाळीत तुटलेले धागे सांधताना एकदम डोक्यात आलं, च्यायला, हा जिराफ ओरडत कसा नाही? जळणारं जनावर ओरडतं. हा मुका आहे, कारण त्याला लांबून बघितलंय. लांबून बघणाऱ्याला आवाज येत नाही. आणि मी काय केलं? त्या लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडं बघितलं आणि स्वतःला मुकं जनावर ठरवून टाळ्या घेतल्या. ती कविता मी छापायला दिली नाही.

जिराफ तरी कुठला? तो स्पेनचा नव्हे, आफ्रिकेचा. १८२६ साली इजिप्तच्या पाशानं फ्रान्सच्या राजाला एक जिराफ नजराणा म्हणून पाठवला. मार्सेयपासून पॅरिसपर्यंत त्याला चालवत नेला आणि वाटेत लोकांनी गर्दी करून बघितला. युरोपाच्या नजरेत जिराफ म्हणजे असा, पकडून आणलेला, बघण्यासारखा, परका. दालीला जळायला घोडा चालला नाही, गाढव चाललं नाही. दुरून आणलेलं जनावर लागलं. ज्याच्या जळण्यानं घरचं कुणी जळत नाही असं.

आपल्या कवितांत आता जनावरांचा बाजार भरलाय. वाघ, लांडगे, गिधाडं, साप, डुकरं. मी हसत नाही, मीही त्यातलाच. पण प्रत्येक वेळी विचारा, हे जनावर कुणाच्या डोळ्यांनी बघितलंय? ते आवाज करतं का? आणि पेटलेलं असेल तर पेटवणारा कवितेत आहे का? २५ डिसेंबर १९६८ ला तामिळनाडूत किळवेण्मणी गावात दलित शेतमजुरांची ४४ माणसं एका झोपडीत कोंडून जाळली. बाया आणि पोरं जास्त. मजुरी वाढवून मागितली म्हणून. हायकोर्टात जमीनदार सुटले. त्यावर कविता लिहायची आणि तिच्यात नुसता धूर, नुसता अंधार, नुसतं जळतं पाखरू आणायचं, तर आपण दालीपेक्षा वेगळं काय केलं? त्यात मजुरीचा आकडा आला पाहिजे. दार बाहेरून कुणी लावलं ते आलं पाहिजे.

“म्हणजे कवितेचा एफआयआर करायचा का?” असं एम.ए.वाल्यानं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याकडं एका चित्राच्या रूपात आहे. तेही अतिवास्तववाद्याचंच. त्याच फाटक्या पुस्तकात, शेवटच्या पानांत होतं.

चित्रकार विफ्रेदो लाम. क्यूबाचा. बाप चिनी, आईचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांतले. तो शिकायला स्पेनला गेला आणि यादवी पेटली तेव्हा सरकारच्या बाजूनं उभा राहिला. दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलं, तिथल्या रसायनांनी आजारी पडला. कारखान्यात आजारी पडलेला चित्रकार! हे वाचल्यावर मी त्याचा झालो. १९४१ साली तो क्यूबाला परतला आणि १९४३ साली ‘जंगल’ नावाचं चित्र पुरं केलं. जवळजवळ पावणेआठ फूट उंच, तेवढंच रुंद. कागदावर रंगवून कॅनव्हासवर डकवलेलं.

त्यात अर्धी माणसं, अर्धी जनावरं आहेत. चंद्रकोरीसारखे मुखवट्याचे चेहरे, मोठमोठे पंजे, लोंबणारी थानं. स्वप्नातलीच आहेत, नेणिवेतलीच आहेत, एम.ए.वाल्यानं खुशाल म्हणावं. पण ती लांब नाहीत. क्षितिज नाही, मोकळं माळरान नाही. माणूस मागं सरायला जागाच नाही, ती अगदी तोंडावर येऊन उभी आहेत आणि आपल्याकडं बघतायत. आणि मागं काय आहे? नाव जंगल, पण दांडे ऊसाचे आहेत. ऊस म्हणजे काय, हे आपल्यातल्या ज्यांचे आईबाप कोयता घेऊन टोळीत जातात त्यांना सांगायला नको. क्यूबात ऊस गुलामांनी पिकवला. लामनं मळ्याला जंगल म्हटलं आणि ‘रानटी’ कुणाला म्हणतात ते मळेवाल्याच्या अंगणातच दाखवलं. उजवीकडच्या आकृतीच्या हातात कात्री आहे. नाव नाही, तारीख नाही, एफआयआर नाही. तरी आरोपी चित्रात हजर आहे. ऊस उभा आहे ना, त्याचा मालक असणारच.

हे चित्र न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयानं घेतलं आणि बरीच वर्षं कुठं लावलं होतं माहीत आहे? कोट ठेवायच्या खोलीकडं जाणाऱ्या बोळात. मुख्य दालनात पिकासो, आणि हा बाहेर, कोटांच्या वाटेवर. गावकुसाबाहेर. यावर मी काही बोलत नाही.

तर सांगायचं एवढंच. दोन चित्रं शेजारी ठेवा. एकात जनावर पाठमागं जळतंय आणि पुढचं माणूस आपल्याच खणांत अडकलंय. दुसऱ्यात जनावर पुढं आलंय, डोळ्याला डोळा भिडवून उभं आहे. दोन्ही स्वप्नंच. पण एक स्वप्न बघणाऱ्याचं आहे, दुसरं ज्याच्याकडं आजवर नुसतं बघितलं गेलं त्याचं.

आईला मी लामचं चित्र दाखवलं. ती बिचकली. पुस्तक जरा लांब धरलं, मग पुन्हा जवळ घेतलं. म्हणाली, “ही काय जळत न्हाईत. ही इचारत्यात.”

पुढच्या रविवारी दोन्ही पानं घेऊन येतोय. एम.ए.वाल्यानं यावं, युनियनवाल्यानंही यावं. भांडण अर्धं राहिलंय.

जयभीम.